‘नका’ पोहोचला पाहिजे: गोव्यातल्या टूरवर वॉकीटॉकी कसा वापरावा

किनाऱ्यावरच्या गाइडला बोटीवरून निरोप येतो: ‘त्यांना पाण्यात उतरू देऊ नका.’ बोलणाऱ्याचा अंगठा घाईत बटणावरून थोडा आधी उठतो. तिकडे ऐकू जाते ते एवढेच: ‘त्यांना पाण्यात उतरू दे…’

सेट बिघडलेला नाही, बॅटरी भरलेली आहे, रेंजही आहे. तरी निरोप नेमका उलटा पोहोचला. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि वॉकीटॉकीवर सगळ्यात आधी कापले जाते ते शेपूटच. म्हणून महागडे सेट घेण्याआधी अंगठा आणि तोंड यांची शिस्त बसवा. पॉवर, अँटेना, चॅनेल हे सगळे त्यानंतरचे.

अंगठ्याचे काम

वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबले की तुमचा सेट ऐकणे बंद करून पाठवू लागतो. पण दाबल्या क्षणी समोरचा स्पीकर उघडत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी समोरचा सेट मधून मधून झोपत असतो. टोन, म्हणजे आपल्याच ताफ्याचा निरोप ओळखण्यासाठीचा बारीक सूर, लावलेला असेल तर तो ओळखायलाही त्याला थोडा वेळ लागतो. दोन्ही मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. एवढ्यात मराठीचा एक अख्खा शब्द निघून जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चॅनेलवर कोणी बोलत नाही ना ते ऐका. सेट उभा धरा, अँटेना आकाशाकडे. माइक तोंडापासून तीन बोटांवर, समोर नव्हे तर ओठांच्या कोपऱ्याशी, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुंकर त्यावर आदळत नाही. बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. शेवटचा शब्द संपल्यावर पुन्हा मनात ‘एक’ म्हणा आणि मगच अंगठा उचला. नवीन ड्रायव्हरला हे सांगून भागत नाही. दोन सेट घेऊन त्याला पन्नास पावलांवर उभे करा आणि त्याचाच आवाज त्याला दुसऱ्या सेटवर ऐकवा. आपला ‘नका’ गायब झालेला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला की सवय लागते.

ओरडू नका. आवाज चढवल्याने पल्ला एक मीटरही वाढत नाही. सेटमध्ये आवाजाला मर्यादा घालणारी व्यवस्था असते, तिच्यावर गेलेला आवाज चपटा होऊन फाटतो. गोंगाट असेल तर माइक जवळ आणा आणि नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश बोला. किनाऱ्यावर वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि मोकळ्या तळहाताचा आडोसा धरा. बोलताच आपोआप सुरू होणारी व्हॉक्सची सोय गोव्यात बंदच ठेवलेली बरी. वारा, शॅकमधले गाणे, जीपचे इंजिन, कशानेही ती सुरू होते आणि सगळ्यांचे चॅनेल अडते.

जे कापले जाते ते आधीच काढून टाका

अंगठा कितीही शिकवला तरी घाईच्या वेळी चुकतो. तेव्हा नकार शेवटी येणारी वाक्येच कामातून हद्दपार करा. ‘गाडी सोडू नका’ऐवजी ‘गाडी थांबवून ठेवा’. ‘इकडे येऊ नका’ऐवजी ‘तिथेच थांबा’. ‘पाण्यात उतरू देऊ नका’ऐवजी ‘पाणी बंद’. या वाक्यांचे शेपूट कापले गेले तरी उलटा अर्थ निघत नाही. फार तर अर्धवट राहतात आणि समोरचा पुन्हा विचारतो. साध्या उत्तरासाठी ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शब्द फार आखूड. ‘नाही’चे डोके कापले तर ‘ही’ उरते. ‘बरोबर’ आणि ‘निगेटिव्ह’ ही जोडी लांब आहे, एकमेकींसारखी वाजत नाही आणि पोलिसांच्या वायरलेसमुळे बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते.

गोव्यात यात आणखी एक गाठ आहे. तुमचा गाइड मराठी बोलतो, ड्रायव्हर कोंकणी, बोटीवरचा पोरगा कन्नड किंवा हिंदी. मराठीत ‘ना’ हा लाडिक प्रश्न आहे: ‘जागा आहे ना?’ कोंकणीत ‘ना’ म्हणजे सरळ नाही. ड्रायव्हर पार्किंगमधून सांगतो, ‘हांगा जागो ना’, म्हणजे इथे जागा नाही. खरखरीतून मराठी कानाला ते ‘इथे जागा… ना’ असे, जणू जागा असल्याची खात्री करून घेतोय असे वाटू शकते. तसेच ‘राव’. कोंकणीत ‘राव’ म्हणजे थांब. मराठीत ती हाक. सेटवर ‘ना’ आणि ‘राव’ दोन्हींना बंदी घाला. ‘पायलट’ही जपून वापरा. बाहेरच्या पाहुण्याला वाटते विमानाचा, बोटीवाल्याला वाटते बोटीचा, आणि म्हापशाच्या स्टँडवर पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाडे मारणारा.

आकड्यांचे डोके कापले गेले तर जास्त फसगत होते. ‘एकोणसाठ’मधले ‘एकोण’ हरवले की ‘साठ’ उरतात. ‘पावणेसहा’चे ‘पावणे’ गेले की बस पंधरा मिनिटे उशिरा येते आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की त्याने सहाच ऐकले. तो खरेच बोलत असतो. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ खरखरीत वेगळे कळत नाहीत. कोंकणीतला सहा म्हणजे नुसता ‘स’. तो सेटवर श्वासासारखा वाजतो आणि विरून जातो. म्हणून नियम एक: आकडा आधी सुटा, मग पूर्ण. ‘पाच नऊ, एकोणसाठ.’ वेळ ‘साडे’, ‘सव्वा’, ‘पावणे’ न लावता: ‘पाच, चार पाच’. गाडीचा नंबर सांगताना शेवटचे चार आकडे पुरेत, जीए शून्य तीन वगैरे लावायची गरज नाही. आकडे मराठीत सांगायचे की इंग्रजीत, हे हंगामाच्या सुरुवातीला ठरवा आणि मग बदलू नका. ताफ्यात परराज्यांतले ड्रायव्हर असतील तर इंग्रजी सुटे आकडे सोयीचे. फक्त ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ एकसारखे वाजतात, म्हणून नऊला ‘नायनर’ म्हणण्याची जगभरची रीत आहे. ती उचलायला हरकत नाही.

गावांची नावे हा तिसरा खड्डा. केरी पेडण्यात समुद्रकाठी आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नावेली सासष्टीत आहे आणि दिवाडी बेटावरही. कोलवा दक्षिणेत, कोलवाळ बार्देशात. शेवटचा ‘ळ’ सेटवर ऐकू येईलच असे नाही. शिवाय प्रत्येक गावाला दोन-तीन नावे: हणजूण आणि अंजुना, कुळे आणि कोलेम, जुने गोवे, वेल्हा गोवा आणि ओल्ड गोवा. तुमच्या टूरवर येणाऱ्या पंधरा-वीस जागांचा एक कागद करा, प्रत्येक जागेला एकच नाव द्या, आणि सारख्या वाजणाऱ्या नावांना शेपूट जोडा: ‘केरी बीच’, ‘केरी सत्तरी’. तो कागद लॅमिनेट करून गाडीत काचेजवळ लावा. गाडीतल्या देवाच्या फोटोशेजारी जागा असतेच.

हाक कशी मारायची

आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, तेही दोनदा, मग स्वतःचे. माणसाची नावे नकोत. ताफ्यात दोन संतोष आणि तीन फ्रान्सिस निघतात. काम आणि नंबर: ‘बस दोन’, ‘गाइड एक’, ‘काउंटर’. जुन्या गोव्याच्या पार्किंगमधला एक साधा व्यवहार असा चालावा:

‘बस दोन, बस दोन, गाइड एक. ओव्हर.’

‘गाइड एक, बस दोन, बोला. ओव्हर.’

‘आम्ही एक नऊ, एकोणीस जण, बॅसिलिकाच्या गेटवर. एक व्हीलचेअर आहे. गाडी गेटवर आणा. ओव्हर.’

‘एक नऊ, एकोणीस जण, बॅसिलिकाच्या गेटवर, एक व्हीलचेअर. गाडी आणतो, पाच मिनिटं. ओव्हर.’

‘बरोबर. आउट.’

यात ड्रायव्हर ‘ओके’ म्हणाला नाही. त्याने आकडा, जागा आणि काम परत म्हणून दाखवले. ‘कॉपी’, ‘रॉजर’, ‘ओके’ यांचा अर्थ ‘आवाज आला’ एवढाच. काय ऐकले ते त्यातून कळत नाही. आकडा, जागा किंवा वेळ असलेला प्रत्येक निरोप परत म्हणून घ्यायचा, बाकीच्या बोलण्याला ‘कॉपी’ चालेल. ‘ओव्हर’ म्हणजे माझे संपले, तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे बोलणे संपले. ‘ओव्हर अँड आउट’ सिनेमात शोभते. कामात ते एकाच वेळी ‘बोल’ आणि ‘बोलू नको’ सांगण्यासारखे आहे.

निरोप दहा सेकंदांत बसवा. लांब असेल तर तुकडे करा आणि मध्ये श्वासभर अंगठा उचला, म्हणजे कोणाला तातडीचे सांगायचे असेल तर शिरायला फट मिळते. ‘दादा’, ‘बाब’, ‘ऐका ना’, ‘म्हणजे काय झालं’ हे सगळे गाळा. मान चहाच्या टपरीवर द्यावा.

कोणता सेट, आणि कायदा काय म्हणतो

भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा वॉकीटॉकीचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. २०१८च्या नियमांनी तो खुला झाला. पॉवरची मर्यादा अर्धा वॅट. या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झ अंतराची १६ चॅनेल बसतात, पहिले ४४६.००६२५ वर. परवाना नको असला तरी सेटला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मंजुरी, लागते. ती मिळवणे हे विकणाऱ्याचे काम, पण मागून घेणे तुमचे. पावती आणि ईटीएची प्रत प्रत्येक गाडीत ठेवा. बंदर, विमानतळ किंवा नौदलाच्या हद्दीजवळ कोणी सेट पाहून विचारले तर हाच कागद कामी येतो.

दोन हजार रुपयांत मिळणाऱ्या पाच वॅटच्या सेटचा मोह सगळ्यांना होतो. ते सेट पोलीस, अग्निशमन, जहाजे यांच्या पट्ट्यांतही बोलू शकतात, आणि तीच अडचण आहे. फ्रिक्वेन्सीचे वाटप आणि परवाना नसताना ते वापरणे गुन्हा आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या. जास्त पॉवर खरोखर हवी असेल, मोठे रिसॉर्ट असेल, तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून रीतसर अर्ज करावा. परदेशी पाहुण्यांनी सोबत आणलेले सेटही वापरू देऊ नयेत. अमेरिकेतले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तो पट्टा इथे खुला नाही. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर जवळ असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते, परवानगीशिवाय तो बाळगल्यावरून पर्यटकांना विमानतळावर अडवले गेले आहे. बुकिंगच्या वेळीच सांगून टाका.

आणि पाच वॅटने फरक तरी किती पडतो? पॉवर दहापट केली तर उघड्या जागी पल्ला साधारण तिप्पट होतो. झाडीत तो दुप्पटही होत नाही. उंचीने मात्र फरक पडतो. दीड मीटरवर धरलेल्या अँटेनाचे समुद्रावरचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर; तोच ६ मीटरवर, म्हणजे शॅकमागच्या इमारतीच्या गच्चीवर नेला तर १० किलोमीटर. एक मजला चढणे फुकट आहे.

सिम घालून मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारे सेटही मिळतात. पणजी, म्हापसा, मडगाव एवढेच काम असेल तर ते उत्तम, कळंगुटहून थेट काणकोणला बोलता येते. पण टॉवर नाही तिथे ते मुके. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा कार्निव्हलच्या मिरवणुकीत, जेव्हा एकाच रस्त्यावर हजारो फोन लागलेले असतात, तेव्हाही त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. एक गोष्ट मात्र मान्य करून टाका: अर्ध्या वॅटचा सेट एका जागेपुरता आहे. पार्किंग ते देऊळ, काउंटर ते किनारा, जीप ते जीप. दोन गावांमध्ये बोलायला फोन आहे.

जागा आणि त्यांचे स्वभाव

उघड्या किनाऱ्यावर अर्ध्या वॅटवर दोन-तीन किलोमीटर निभावते. शहरात, इमारतींमधून, अर्धा ते एक. ओल्या जंगलात काही शे मीटर धरून चाला, कारण पानांतले पाणी या फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषते. लहरींची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर. त्या डोंगराला वळसा घालत नाहीत आणि जांभ्याच्या जाड भिंतीतून जाताना दमतात.

जुन्या गोव्यात बॅसिलिकेच्या आत सेट लागला तरी बोलू नये, ते प्रार्थनास्थळ आहे. इअरपीस लावा, निरोप ऐका, उत्तर दारात येऊन द्या. मंगेशी, शांतादुर्गेच्या देवळातही हीच रीत. पाहुण्यांना माहिती ऐकवायला वॉकीटॉकी वापरण्याचा उद्योग करू नका. त्यासाठी एकतर्फी टूर गाइड सिस्टिम मिळते, गाइडकडे माइक आणि प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर. कामाचे चॅनेल आणि गोष्टीचे चॅनेल वेगळेच हवे.

शापोरा किल्ल्यावरून मोरजीकडचा किनारा स्वच्छ लागतो, पण पायथ्याची तुमचीच गाडी लागत नाही. उतार मध्ये येतो. तटाच्या कडेला, जिथून गाडी डोळ्यांना दिसते तिथे या. दिसते तर लागते, हा या सेटचा सगळ्यात सोपा नियम.

दूधसागरचे काम वेगळेच. कुळ्याहून जीप निघते, अभयारण्यातून ओढे ओलांडत जाते आणि धबधब्याच्या बरीच अलीकडे थांबते, पुढे चालत. कुळ्याचा काउंटर आणि धबधबा यांच्यात अर्ध्या वॅटवर थेट बोलणे होत नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका. इथे निरोप जीपवरून जीपवर पुढे द्यायचा. पाळायचे एकच: मधला जसाच्या तसा सांगतो, स्वतःचे काही घालत नाही. ‘जीप पाच, काउंटरचा निरोप, जसाच्या तसा: परतीची शेवटची गाडी चार, तीन शून्य. परत म्हणा. ओव्हर.’ मधल्याने ‘काउंटर म्हणतोय लवकर या’ असा स्वतःचा अनुवाद केला की सगळे मुसळ केरात. वर धबधब्याच्या गर्जनेत स्पीकर ऐकू येत नाही. मोठ्या खडकाच्या आड जा, इअरपीस लावा. जीपच्या आत बसून बोलताना लोखंडी टप आडवा येतो, सेट काचेजवळ धरा किंवा उतरून बोला. कमरेच्या पट्ट्यावर लटकवून वायरच्या माइकने बोलल्यावर अँटेना अंगाला चिकटतो आणि अर्धी ताकद शरीर खाते. खांद्याजवळ क्लिप लावली तर बराच फरक पडतो.

बोटींबद्दल कडक राहा. कोको बीचवरून डॉल्फिन दाखवायला जाणारी होडी असो की ग्रँड आयलंडची स्नॉर्केलिंगची फेरी, ४४६चा सेट ‘आलो’, ‘निघालो’, ‘जेटीवर गाडी आणा’ एवढ्यापुरता. संकटात त्यावर कोणी ऐकत बसलेले नसते. समुद्रावरची मदतीची हाक मरीन व्हीएचएफच्या, म्हणजे बोटी-जहाजांच्या रेडिओच्या, चॅनेल १६ वर, १५६.८ मेगाहर्ट्झवर द्यायची असते; तो सेट वेगळा आणि त्याचा परवानाही वेगळा. हाक देताना ‘मेडे’ तीनदा, बोटीचे नाव, जागा, काय झाले, किती माणसे, याच क्रमाने. जागा आधी, कारण बोलता बोलता सेट बंद पडला तरी शोधणाऱ्यांना कुठे जायचे ते कळलेले असते. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२.

चॅनेल, टोन आणि ‘प्रायव्हसी’ची थाप

डब्यातून काढलेला सेट बहुधा चॅनेल १ वर असतो, म्हणून शेजारचे हॉटेल, लग्नाचे डेकोरेशनवाले आणि पार्किंगची सिक्युरिटी सगळे तिथेच भेटतात. जिथे काम करणार त्या जागी, त्याच वेळी, पंधरा मिनिटे चॅनेल फिरवत ऐका आणि सगळ्यात शांत असलेली दोन निवडा: एक कामाचे, एक राखीव. दोन्ही क्रमांक प्रत्येक सेटच्या पाठीवर स्टिकरवर लिहा.

मग टोन. ६७ ते २५० हर्ट्झच्या आसपासचा एक बारीक सूर तुमच्या आवाजाखाली जातो आणि तो सूर ओळखणारा सेटच स्पीकर उघडतो. खोक्यावर त्याला ‘प्रायव्हसी कोड’ लिहितात. ही शुद्ध थाप आहे. टोन न लावलेला कोणताही सेट तुमचे सगळे ऐकतो. उलट तुम्हाला शेजारी ऐकू येत नाही, म्हणून चॅनेल रिकामे वाटते, तुम्ही बोलता आणि दोघांचेही निरोप एकमेकांवर आदळतात. टोन लावाच, शांतता मिळते. पण बोलण्याआधी हिरवा दिवा पाहा. दिवा लागलेला आणि आवाज नाही म्हणजे दुसरे कोणी बोलतेय. थांबा.

कोणीही ऐकू शकते हे लक्षात घेऊन पाहुण्याचे नाव, खोली नंबर, पैशांचा हिशेब, ‘विला रिकामा आहे’ असले काही सेटवर नको. मूल हरवले तर वर्णन सांगा, नाव नाही: ‘मुलगी, अंदाजे सहा वर्षं, पिवळा फ्रॉक, शेवटची जागा लाल झेंडा.’ आधी जवळच्या जीवरक्षकाला गाठा, मग ताफ्याला सांगा. ‘तातडी, तातडी, तातडी’ ऐकले की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचे; बोलायचे फक्त काउंटरने आणि ज्याने हाक दिली त्याने. मोकळे झाल्यावर काउंटरच म्हणेल, ‘चॅनेल मोकळे.’

अडकलेले बटण

अचानक चॅनेलवर इंजिनची घरघर, कोणाचे तरी खासगी बोलणे किंवा वाऱ्याचा सूं-सूं आवाज सतत येऊ लागला तर कोणाचे तरी बटण दबलेले आहे. बहुतेक वेळा सेट सीटच्या फटीत किंवा गच्च बॅगेत असतो. कधी इअरपीसच्या दोन पिनांच्या प्लगमध्ये घाम आणि मीठ साचून तो आपणच बटण दाबल्यासारखे करतो. तोवर ताफ्यातले दुसरे कोणी बोलू शकत नाही, आणि ज्याचे अडकले आहे त्याला तुम्ही सांगूही शकत नाही, कारण तो ऐकतच नसतो.

ठरवून ठेवा: दहा सेकंद सतत अडथळा आला की सगळे न सांगता राखीव चॅनेलवर जातील. तिथे काउंटर हजेरी घेईल. जो उत्तर देत नाही तो दोषी. त्याला फोन करा किंवा जवळच्याने जाऊन लाल दिवा पाहावा. सेटच्या मेनूत टाइम-आउट टायमर असेल तर ६० सेकंदांवर लावा, म्हणजे अडकलेला सेट स्वतःच गप्प होतो. दोन सेट अगदी शेजारी असताना एकाने बोलले की किंचाळल्यासारखा आवाज येतो, तो मात्र बिघाड नव्हे. दोन-तीन मीटर दूर व्हा.

सकाळ, संध्याकाळ आणि मीठ

सकाळी काउंटरवर सगळे सेट हातात घेऊन ‘हॅलो हॅलो’ करणे म्हणजे तपासणी नव्हे. दोन मीटरवर ढिला अँटेनाही चालतो. एकाला दोनशे मीटर दूर पाठवा आणि प्रत्येक सेटवरून त्याच्याशी एक सुटा आकडा बोलून परत म्हणून घ्या. अँटेना घट्ट आहे, चॅनेल बरोबर आहे, टोन बरोबर आहे, तिन्ही एकदम कळते. एकट्याच सेटला कोणी ऐकत नसेल तर आधी टोन पाहा. अँटेना काढून बटण कधीच दाबू नका, आतला भाग जळू शकतो. अँटेनाला धरून सेट उचलण्याची सवयही मोडा.

बॅटरी उतरत आली की सेट फसवतो. ऐकायला कमी वीज लागते, बोलायला कितीतरी जास्त. म्हणून सेट छान ऐकू येतो पण बटण दाबताच बंद पडतो. दुपारी जेवणाच्या वेळी बॅटरी बदलण्याचा नेम ठेवा, दर दोन सेटमागे एक जादा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवल्याने बॅटरीचे आयुष्य घटते. तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला लावा.

खारे पाणी मात्र सगळ्यात मोठा शत्रू. सेटवरचा ‘आयपी ६७’ हा जलरोधकतेचा शेरा म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. समुद्राची, वाळूची आणि घामाची त्यात हमी नाही. किनाऱ्यावरून आलेला सेट बंद करा, रबरी झाकणे घट्ट लावा आणि असा जलरोधक सेट असेल तरच नळाच्या मंद धारेखाली फिरवून घ्या. साध्या सेटला ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसा. मग बॅटरी काढून तिचे पितळी टोक कोरड्या कापडाने पुसा. त्यावर हिरवट थर दिसला तर खोडरबराने हलके घासा. स्पीकरच्या जाळीवर काळी वाळू चिकटते, आतल्या चुंबकामुळे. ती ब्रशने झाडा, फुंकून आत ढकलू नका. पावसात आवाज एकदम दबका झाला तर माइकच्या भोकावर पाण्याचा पापुद्रा धरलेला असतो. सेट उलटा करून तळहातावर दोनदा आपटला की मोकळा होतो.

जूनमध्ये बोटी आणि दूधसागरच्या जीपा थांबल्या की सेट तसेच खणात टाकू नका. बॅटरी निम्म्यावर आणा, सेटपासून वेगळी करा, दोन्ही झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा बाहेर काढून चार्ज पाहा. ऑक्टोबरात डबा उघडल्यावर आधी इअरपीसचे प्लग तपासा. सेट टिकतात, प्लग टिकत नाहीत.